डोंगर, ‘समुद्र’ आणि मामांचा हरभरा

बीडकडे पाहण्यासारखं काय आहे, हा प्रश्न माझी माहेरची माणसं मला लग्न झाल्यापासून विचारत आली आहेत. माझं माहेर गुहागरच्या बाजूचं. तिथे पडवीत बसलं की समुद्र ऐकू येतो आणि परसदारी डोंगर सुरू होतो. अशा ठिकाणाहून मी बीडला आले. पहिल्या उन्हाळ्यात खिडकीतून तो तापलेला, उघडाबोडका माळ बघून मी चक्क रडले होते, हे आता सांगायला हरकत नाही. त्यामुळे कुणी विचारलं की मी आपली कंकालेश्वराचं देऊळ, खजाना विहीर, सीताफळं अशी तीन नावं घेऊन विषय बदलत असे. यापुढे बदलणार नाही. परवाच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावरच्या रविवारी, आम्ही घरच्या घरी एक दिवसाचा प्रवास करून आलो. तो लिहून ठेवते आहे, कारण तुमच्यापैकी बहुतेक जण तिकडे गेलेले नाहीत आणि जाण्याची शक्यताही फारशी दिसत नाही.

निमित्त माझ्या भाच्याचं झालं. त्याने फोनवर आमच्या सईला, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला, सांगितलं की त्याने एकाच दिवसात सकाळी समुद्रात डॉल्फिन आणि दुपारी घाटात गवा पाहिला. सई मागे हटणारी नव्हे. “आमच्या आबांच्या शेतात काळवीट येतं. कळपच येतो,” तिने ठणकावलं. भाचा म्हणाला, “तू पाहिलंयस?” इथे ती अडकली. तिने पाहिलं नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, काळवीट फळ्यावर काढून दाखवते, पण मीही पाहिलं नव्हतं. “मग थापा कशाला मारतेस?” असं म्हणून त्याने फोन ठेवला. सईने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. मला काळवीट बघायचं म्हणजे बघायचं, याच रविवारी बघायचं.

माझ्या नवऱ्याने, विलासने, मग योजना जाहीर केली. “आपण पण एका दिवसात डोंगर आणि समुद्र करू. डोंगर धारूरचा, समुद्र मांजरा धरणाचा आणि वाटेत काळवीट.”

“धरणाला समुद्र म्हणतोस?” मी विचारलं.

“बीडवाल्याला तेवढा पुरतो,” तो म्हणाला.

केजच्या अलीकडे

माझे सासरे नेकनूरपासून थोडं आत, खेड्यात राहतात. इकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. हे अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं, कारण माझे खरे मामा चिपळूणला होते आणि त्यांना भयंकर राग यायचा. सई आणि विलास मामांना आबा म्हणतात. वाटाड्या म्हणून मामांनाच घ्यायचं ठरलं होतं. हरणांची माहिती त्यांच्याइतकी कुणाला असणार? त्यांनी चाळीस वर्षं हरभरा राखला आहे. संध्याकाळ झाली की काठी घेऊन बांधावर जायचं आणि हरणं हाकलायची, हा त्यांचा हिवाळा. सईला त्यांच्या गोष्टी तोंडपाठ आहेत. ती त्यांची एकुलती एक श्रोती, आणि दोघांची दोस्तीही तशीच.

आत्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून यायचं टाळलं, पण पहाटे उठून धपाट्यांची चळत करून दिली. मामा धुतलेलं धोतर नेसून, उपरणं खांद्यावर टाकून पुढच्या सीटवर बसले. सईच्या गळ्यात नवी दुर्बीण होती.

नेकनूर सोडून केजकडे निघालं की काही ठिकाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळ पसरतो. पिवळं वाळलेलं गवत, मध्येच एखादं हिरवं शेत, आणि आभाळ इतकं मोठं की मला अजून त्याची सवय झालेली नाही. कोकणात आभाळ माडांच्या मधून तुकड्यातुकड्यांनी दिसतं. धुकं नुकतंच विरत होतं. विलासने एकाएकी गाडी कडेला घेतली आणि हळूच म्हणाला, “सई, उजवीकडे. हल्लागुल्ला करू नको.”

मला गवताच्या पलीकडे काही तपकिरी ठिपके हलताना दिसले. सईने दुर्बीण डोळ्यांना लावली. पण घाईत तिला काही सापडेना. “कुठंय? आई, कुठंय?” मी तिची दुर्बीण धरून वळवू लागले. तेवढ्यात मामा पलीकडच्या दाराने खाली उतरले होते. पाय मोकळे करावेत म्हणून उतरले असतील. त्यांनी माळाकडे पाहिलं. ठिपके एका हरभऱ्याच्या शेतात शिरत होते.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. मामांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या सत्तरीतल्या छातीतून आरोळी निघाली, “हाऽऽऽऽ! हुर्रर्र! हाऽऽऽऽ!” वर टाळ्या. वर एक ढेकूळ उचलून भिरकावलं.

कळप उधळला. मला फक्त उड्या दिसल्या, माणसाच्या उंचीच्या उड्या, आणि मग धुरळा. सईने दुर्बीण काढून पाहिलं, तोवर माळ रिकामा होता.

मामा विजयी चेहऱ्याने वळले आणि आमची तोंडं बघून जागीच थांबले. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं.

“आबा!” सईचा आवाज फुटला. “तुमी कावून वरडलात?”

“अगं, हरभऱ्यात शिरलती की ती!”

“आपला हरभरा होता का?”

“न्हाई,” मामा म्हणाले. “कुणाचा का असंना. डोळ्यांसमोर खाऊ द्यायचं व्हय?”

विलासला हसू आवरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो हसत होता. मलाही हसू आलं, पण सई रडायला लागली, रागाने, मुठी आवळून. तिने मामांना सांगून टाकलं की तुम्ही मला काळवीट दाखवणार नव्हताच, तुम्हाला ती नकोच आहेत, मी तुमच्याशी बोलणार नाही. मग ती खिडकीकडे तोंड करून बसली. धारूरपर्यंत मामा समोरच्या काचेतून रस्ता बघत होते आणि मधूनमधून घसा साफ करत होते.

धारूर

धारूरला बालाघाटाची कड आहे. म्हणजे आपण सपाटीवरून सरळ चालत येतो आणि अचानक जमीन संपते. खाली खोल दरी, तिच्या पलीकडे एकामागे एक निळसर डोंगररांगा. मला आमच्या घाटांचा फार अभिमान, पण तिथे झाडीमुळे डोंगराचं अंग कधी दिसतच नाही. इथे डोंगराची हाडं दिसतात. काळ्या दगडाचे थर, त्यांतून निघालेली सीताफळीची झाडं, उन्हात चमकणारं गवत. धारूरच्या किल्ल्याच्या तटावरून मी हलायलाच तयार नव्हते. तेरा वर्षं हे माझ्या घरापासून दोन तासांवर होतं आणि मी लोकांना विहिरीची नावं सांगत बसले होते.

दरीतून मोरांचा आवाज येत होता. एक मोर तटाच्या खालच्या अंगाला पिसारा मिटून चालत गेला. वानरांची एक टोळी भिंतीवर ऊन खात बसली होती. सईने वहीत सगळं टिपून घेतलं, पण चेहरा तसाच. मामा आमच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून येत होते.

वाटेवर एक मावशी टोपल्यात बोरं घेऊन बसल्या होत्या. सईच्या गळ्यातली दुर्बीण बघून त्यांनी विचारलं, “काय बगायला आलात?” मी म्हटलं, जनावरं, पाखरं, जे दिसेल ते. त्या उठल्या, लुगड्याला हात पुसले आणि आम्हाला तटाच्या एका पडक्या तोंडाशी घेऊन गेल्या. “तिकडं बगा. त्या कपारीत. बारकाईनं.”

मला दगडच दिसला. मग त्या दगडाने डोळे उघडले.

नारिंगी, वाटीएवढे डोळे आणि डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे. शृंगी घुबड, तेही हातभर उंचीचं. ते आमच्याकडे बघत होतं आणि आम्ही त्याच्याकडे. सईने माझा दंड घट्ट धरला.

“त्याला दगूड मारू नगा बरं,” मावशी कुजबुजल्या. “मारला तर ते दगूड उचलून नदीला नेतंय आणि पाण्यात घासतंय. जसा जसा दगूड झिजतोय, तसा तसा मारणारा झिजत जातोय.”

आमच्याकडे घुबड ओरडलं की आई उंबऱ्यात विळा आडवा ठेवायची. इथे त्याला दगड मारायची सोय नाही. दोन्हीकडे भीतीच, पण इकडच्या भीतीने घुबड जगतं, हे मला तिथे उभ्या उभ्या फार आवडलं. घुबडाने पंख पसरले आणि ते दरीत उतरलं. एवढा मोठा पक्षी, पण पंखांचा काहीही आवाज झाला नाही.

मी वळून पाहिलं. मामा लांबच उभे होते. मी त्यांना हाताने बोलावलं. त्यांनी मान हलवली. “बगा तुमी. माझ्या तोंडाचा काय भरवसा न्हाई,” ते म्हणाले. सईने ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

मावशींनी सईच्या ओंजळीत बोरं ओतली. मामांनी त्यांतलं एक मागितलं, तर सईने पूर्ण ओंजळ माझ्या पिशवीत रिकामी केली. मला तिचा राग आला आणि मामांची दया आली, पण मध्ये पडायचं नाही असं विलासने डोळ्यांनी सांगितलं.

आमचा समुद्र

केजला परत येऊन आम्ही दक्षिणेकडे वळलो. दुपारी मांजरा धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे पसरलेलं पाणी, जिथे रानात शिरतं तिथे पोचलो. मी तोंडात टोमणा तयारच ठेवला होता की आमच्याकडे ह्याला तळं म्हणतात. तो गिळावा लागला. पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाऱ्याने बारीक लाटा काठावर आपटत होत्या आणि वास चक्क खाडीचा येत होता. पाण्यात वाळलेल्या बाभळी उभ्या होत्या, पांढऱ्याफटक, प्रत्येकीवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले.

काठावर बसून धपाट्यांची शिदोरी सोडली. मामांनी आपल्या वाटचं दही सईपुढे सरकवलं. तिने ते विलासपुढे सरकवलं. विलासने खाल्लं.

एक मच्छीमार थर्माकोलच्या फळीवर बसून, ताटलीने पाणी मारत काठाशी आला. साठीचा, उन्हाने रापलेला. मी विचारलं, इथे पक्षी कुठे दिसतील? तो हसला. “त्या चिखलाकडं बगा ताई. दगडं न्हाईत ती.”

सईने दुर्बीण लावली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडून “आई गं!” निघालं. शेकडो हंस. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या. पट्टकादंब. दरवर्षी नववीला मी शिकवते की हे हिमालय ओलांडून येतात. शिकवताना मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी काठावर कुत्रं धावलं आणि सगळे एकदम उठले. वरून जाताना त्यांच्या पंखांचा वारा आमच्या अंगाला लागला. ह्याच पंखांनी हे बर्फाची शिखरं ओलांडून बीड जिल्ह्यातल्या ह्या चिखलात आले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

“रातच्याला समदे गव्हात, हरभऱ्यात उतरतेत,” मच्छीमार म्हणाला.

मामा जागे झाले. त्यांच्या विषयावर गाडी आली होती. “मंग हाकलता का न्हाई तुमी?”

“आमी कशाला हाकलू? आमचं शेत कुठं हाय आता?” त्याने ताटलीने पाण्याकडे दाखवलं. “त्या तीन बाभळी दिसतेत न्हवं ओळीनं, तो आमच्या बापाचा बांध. समदं पाण्यात गेलं. तवा मी लहान होतो. बाप त्या बांधावर बसून हरणं हाकलायचा, मी गोफण घेऊन संगं जायचो.”

“आता?”

“आता हरणं कुठून येतेत पाण्यात? हीच येतेत पाखरं, आमच्या शेतावर. आली की बरं वाटतंय बगा. कुणीतरी येतंय अजून.”

मामा बराच वेळ त्या तीन बाभळींकडे बघत राहिले. मच्छीमार फळी ढकलून निघून गेला. मग मामा उठले, धोतराचा धुरळा झटकला आणि विलासला म्हणाले, “गाडी काढ. उन्हं हायेत तवर शेतात पोचाय पायजे.”

“कशाला?”

“काळवीट दावायचं हाय पोरीला.”

सईने मान वर केली.

बांधावर

पाच वाजता आम्ही मामांच्या शेतावर होतो. गाडी त्यांनी लांब वडापाशीच उभी करायला लावली. मूठभर माती उडवून वारा पाहिला आणि आम्हाला तुरीच्या पेंढ्यांचा ढीग होता त्याच्या आडोशाला बसवलं. “हितून हलायचं न्हाई. खोकला आला तर गिळायचा.”

समोर दोन एकर हरभरा, घाट्यांनी, म्हणजे शेंगांनी, भरलेला. त्याच्या चारी बाजूंना खुंट्या रोवून जुन्या साड्या बांधलेल्या होत्या. इकडे हरणा-डुकरांसाठी असं कुंपण करतात. वाऱ्याने साडी फडफडली की जनावर बुजतं. आत्यांची जांभळी, शेजारणीची ठिपक्यांची आणि माझ्या डोहाळजेवणाची हिरवी, सगळ्या तिथे होत्या.

मामा नाल्याच्या बाजूच्या बांधावर गेले आणि एकेक गाठ सोडू लागले.

विलास अर्धवट उठला. “आबा, काय करताय? तिकडूनच येतात ना ती?”

“तिकडूनच येतेत म्हणून तर सोडलालो.”

“अहो, निम्मा हरभरा जाईल!”

“गप बस बे,” मामा म्हणाले. चार साड्या घडी करून त्यांनी खांद्यावर टाकल्या, काठी गवतात ठेवून दिली आणि येऊन आमच्याजवळ बसले. सईच्या आणि त्यांच्या मध्ये मी होते.

ऊन तिरपं झालं. नाल्याच्या कडेने एक मादी वर आली. जिथे साडी असायची तिथे थांबली. कुंपण नव्हतं, तरी ती पाऊल टाकेना. कान पुढे, नाक वर, मान ताठ.

“तिला वाटलालंय मी हाय,” मामा पुटपुटले. “रोज ह्या टायमाला असतोच.”

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिने एक पाय आत टाकला. दुसरा टाकला. तिच्यामागे आणखी एक, मग पिल्लू, मग पाच-सहा, मग मोजणं सुटलं. त्या आमच्यापासून तीस पावलांवर होत्या. हरभरा उपटल्याचा, चावल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आणि सगळ्यांत शेवटी तो आला.

मी फळ्यावर जे काढते ते काळवीट नव्हे. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती पांढरं वलय आणि पीळ घातलेली ती लांब शिंगं. तो शेताच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याने मान मागे टाकली, तेव्हा शिंगं पाठीला टेकली. मावळतं ऊन त्याच्या पोटाखालून आरपार येत होतं. माझा मोबाइल मांडीवर पडून होता आणि तो उचलायची आठवण कुणालाच झाली नाही.

पिल्लू चरत चरत आमच्याकडे सरकू लागलं. घाटे भरलेल्या ओळीतून, शेंडे खुडत. शेजारी काहीतरी हललं म्हणून मी पाहिलं. मामांचा गळा वरखाली होत होता. ओठ उघडले, “ह्...” एवढं आलंही. त्यांनी घाईने उपरण्याचा बोळा करून तोंडात कोंबला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. त्यांच्या कपाळावर घाम होता. चाळीस वर्षांची सवय होती ती, तिला आवरणं सोपं नव्हतं.

सईने ते पाहिलं. ती माझ्या पाठीमागून, पोटावर सरपटत, मामांच्या बाजूला गेली आणि त्यांच्या दंडाला टेकून बसली. थोड्या वेळाने तिने गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या डोळ्यांना लावली. मामांना ती धरता येईना, हात अडकलेले. म्हणून तिनेच धरून ठेवली.

मामा बघत राहिले. सई कुजबुजली, “पुरे झालं आबा, मला बघू द्या,” तरी त्यांनी डोळे हलवले नाहीत. सूर्य टेकला तसं गावात कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. काळविटाने पाय आपटला आणि कळप आला तसाच नाल्यात उतरला, घाई न करता. शेताच्या मध्ये ओरबाडलेला एक मोठा पट्टा राहिला. विलासने तो पाहिला आणि शहाण्यासारखा गप्प बसला.

मामांनी तोंडातला बोळा काढला.

“दिसलं का आबा नीट?” सईने विचारलं. सकाळच्या भांडणानंतर ती त्यांच्याशी आताच धड बोलत होती.

मामा म्हणाले, “सई, मी चाळीस वर्सं हिथं बसलो. पर मला ह्यांची पाठच ठाव होती गं. मी वरडायचो, ती पळायची. तोंड आज बगितलं.” त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. “लई देखणी हायेत.”

अंधार पडायच्या आत कुंपण बांधायला हवं होतं. मामा खांद्यावरच्या साड्या घेऊन बांधाकडे चालू लागले आणि सई दुसरं टोक धरायला त्यांच्यामागे पळाली.